हातून गेला

“आधी लिहा, ती म्हातारी खोटं बोलली,” दिलीप म्हणाला. “बाकीचं नंतर.”

माझं ऑफिस फणसवाडीत आहे, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. अशिलांसाठी दोन खुर्च्या आहेत. एकीवर दिलीप अगदी टोकाला येऊन बसला होता. दुसरीवर त्याचे वडील, शांताराम. वय सत्तरीच्या पुढे. अंगात वॉचमनचा निळा शर्ट, कारण इथून ते थेट कॉटन ग्रीनला गोदामावर ड्यूटीला जाणार होते. खुनाच्या केसमध्ये जन्मठेप झालेला हा माणूस माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसला होता.

“कोण म्हातारी?” मी विचारलं.

“वत्सला. लालबागच्या चाळीतली आमची शेजारीण. तिच्या साक्षीवर बाबांना आत घातलं. आणि नंतर खोली कोणाला मिळाली? तिलाच. आज चाळीच्या जागी टॉवर झालाय, त्यात फ्लॅट आहे तिचा. तुम्हीच जोडा आता.”

जोडायला फार सोपं होतं. म्हणूनच मला ते पटेना.

मी फौजदारी वकील आहे. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना कोर्ट सरकारी खर्चाने वकील देतं, त्या यादीत माझं नाव आहे. शांताराम यांचं अपील तीसेक वर्षांपूर्वी दाखल झालं होतं. काही वर्षं जेलमध्ये काढल्यावर त्यांना जामीन मिळाला. मग त्यांचे वकील वारले आणि फाइल मागे पडत गेली. शेवटी हायकोर्टात अपील बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत आलं, आरोपीतर्फे कोणीच उभं राहिलं नाही, आणि कोर्टाने माझी नेमणूक केली.

एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अपिलात खटला पुन्हा चालत नाही. साक्षीदार पुन्हा येत नाहीत. खालच्या कोर्टात जे झालं त्याचे कागद बांधून देतात, त्याला आम्ही पेपरबुक म्हणतो. ते वाचायचं आणि निकालात चूक आहे का ते शोधायचं. मी दोनदा वाचलं होतं.

केस साधी होती. लालबागची चाळ, तिसरा मजला. खोली गणपत नावाच्या माणसाच्या नावावर. शांताराम आणि त्यांची बायको त्याच्याकडे पोटभाडेकरू. गणपत पिणारा. खोली खाली करा म्हणून त्याचा तगादा चालू होता, त्यावरून रोज कटकट. बायको बाळंतपणाला गावी गेलेली असताना एका संध्याकाळी दोघांचं जोरात भांडण झालं आणि गणपत गॅलरीच्या कठड्यावरून खाली पडून मेला. त्याला पडताना कोणी पाहिलं नाही. आवाज ऐकून शेजारची वत्सला बाहेर आली, तेव्हा शांताराम एकटेच कठड्यावर वाकलेले होते. दोन्ही हात खाली. आणि ते काहीतरी ओरडले.

काय ओरडले, यावरच सगळी शिक्षा उभी होती. तिच्या साक्षीत इंग्रजीत लिहिलं होतं, ‘ही डाइड अ‍ॅट माय हँड्स.’ निकालात जजसाहेबांनी त्याला आरोपीची कबुली म्हटलं होतं. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पण शेजारणीसमोर तोंडातून निघालेली चालते.

“काका,” मी म्हटलं, “त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?”

“आत. निजलेलो.”

पाठ केलेलं उत्तर होतं. खालच्या कोर्टातही त्यांनी हेच सांगितलं होतं. कठड्याजवळ असताना दुसऱ्या शेजाऱ्यानेही त्यांना पाहिलं होतं, त्यामुळे हे उत्तर धडधडीत खोटं ठरलं होतं. खोटं बोलणारा आरोपी जजला आवडत नाही. मलाही आवडत नाही.

दिलीप मध्येच म्हणाला, “मॅडम, अपील जिंकलो तर खोलीवर क्लेम लावता येईल का?”

“कुठल्या खोलीवर? ती तुमच्या नावावर कधीच नव्हती.”

“नाही, म्हणजे... तिने खोटी साक्ष देऊन घेतली ना.”

तेव्हा मला त्याचाही संशय आला. बापाला सोडवायला आलाय की टॉवरमध्ये शिरायला? मी त्याला खाली चहा सांगायला पाठवलं. अशील एकटा असला की वेगळा बोलतो.

“काका, वत्सलाबाई कोर्टात काय बोलल्या ते ऐकलंत ना तुम्ही?”

“नाय. आरोपीचा पिंजरा मागे. डोक्यावर पंखा घरघरायचा. ती जजकडे तोंड करून हळू बोलत होती. बाहेर आल्यावर वकील म्हणाला, शेजारणीने बुडवला तुला.”

“तुम्हाला काय वाटलं, काय सांगितलं असेल तिने?”

“हेच. मी ढकलल्याचं बघितलं म्हणून.”

मी चष्मा काढून ठेवला. “काका, तिने ढकलताना पाहिलं असं कुठेच सांगितलेलं नाही.”

त्यांनी पहिल्यांदा कॅलेंडरवरून नजर काढली. “मग माका शिक्षा कित्याक झाली?”

हा प्रश्न ते तीस वर्षांनी विचारत होते. निकाल इंग्रजीत. वकिलाने ‘जन्मठेप’ एवढाच शब्द त्यांना मराठीत सांगितला होता. मी कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते त्याला जुळेल असं काहीतरी बोलले असते. इतक्या वर्षांत मी असे पुष्कळ पाहिलेत.

त्याऐवजी मी घरचं विचारायला लागले. जामिनावर सुटल्यावर कुठे राहिलात, बायको कधी वारली. ते बोलायला लागले. कॉटन ग्रीनला गोदामामागे खोली मिळाली. बायकोने शिवणकाम करून दिलीपला वाढवलं होतं. करोनाच्या आधी तिला कावीळ झाली. “सगळा केला. हॉस्पिटलात नेली. पण ती पण हातून गेली,” ते म्हणाले.

माझं पेन थांबलं.

“ती पण म्हणजे? तिच्याआधी कोण गेलं होतं?”

 खाली गल्लीत कोणीतरी स्कूटर काढायला हॉर्न मारत होतं.

“गणपत,” ते म्हणाले.

मग बाकीचं आलं. गणपत प्यायलेला, कठड्यावर बसून शिव्या देत होता. शांतारामही ओरडत होते. गणपत मागे रेलला आणि गेला. शांताराम यांनी झेप घेऊन त्याचं मनगट पकडलं. हात घामाने ओला. निसटला.

“हे कोर्टात का नाही सांगितलंत?”

“वकील म्हणाला, तू तिथं होतास एवढं कबूल केलंस की संपलास. आत निजलेलो सांग. सांगितलं.”

“आणि गणपत पडल्यावर तुम्ही काय ओरडलात?”

“आठवत नाय, मॅडम.”

खोटं बोलणाऱ्याला इथे सगळं अगदी नीट आठवलं असतं. अर्थात हेही तितकंच खरं की हुशार खोटारड्याला नेमकं काय विसरायचं ते कळतं. माझा त्यांच्यावर विश्वास बसला असं मी म्हणणार नाही.

ते गेल्यावर मी वत्सलाबाईंची साक्ष पुन्हा उघडली. त्या इंग्रजी वाक्याच्या पुढे एक कंस होता आणि कंसात मोकळी जागा. आधी मला ती टायपिंगची चूक वाटली होती. आता लक्षात आलं. साक्षीदार मराठीत बोलतो, जजसाहेब इंग्रजीत सांगतात, टायपिस्ट टाइप करतो. एखादं वाक्य फार महत्त्वाचं असेल तर काही जज साक्षीदाराचे मूळ शब्दही घ्यायला सांगतात. टाइपरायटर इंग्रजी, त्यामुळे जागा सोडायची आणि नंतर पेनाने मराठीत लिहायचं. मी मूळ रेकॉर्ड मागवून पाहिलं. तिथेही कंस रिकामाच होता. लिहायचं राहून गेलं होतं.

तिचे शब्द काय असतील? ‘माझ्या हाताने मेला’? की ‘माझ्या हातून गेला’? दुसरं असेल तर मराठी माणूस ते दोन तऱ्हांनी ऐकू शकतो. इंग्रजीत मात्र त्यातला एकच अर्थ उतरला होता.

हे सांगू शकणारा माणूस एकच, वत्सलाबाई. सरकारी पक्षाची साक्षीदार असल्याने मी तिला आधी भेटू शकत नव्हते. भेटले असते तर साक्षीदार फोडल्याचा आरोप माझ्यावर आला असता. पण अपिलातही, न्यायासाठी गरज वाटली तर कोर्ट साक्षीदाराला पुन्हा बोलावू शकतं, अशी कायद्यात सोय आहे. फार क्वचित वापरतात. मी त्या रिकाम्या कंसावर बोट ठेवून अर्ज केला.

सरकारी वकील जुने ओळखीचे. कॉरिडॉरमध्ये म्हणाले, “मॅडम, ती येऊन ‘ढकलताना बघितलं’ म्हणाली तर? आत्ता तुमच्याकडे निदान एक दुबळी साक्ष आहे. तुम्ही ती पक्की करायला निघालात.”

बरोबर होतं त्यांचं. वकिली शिकताना पहिल्या वर्षी सांगतात, उत्तर माहीत नसेल तो प्रश्न साक्षीदाराला विचारू नये. मी शांताराम यांना फोन करून धोका समजावला. ते म्हणाले, “बोलवा.” दिलीपने फोन हिसकावून घेतला. “मॅडम, तिला फ्लॅट सांभाळायचाय. ती खरं बोलेल कशाला?” त्याचा मुद्दा खोडता येण्यासारखा नव्हता. तरी मी अर्ज मागे घेतला नाही.

अर्ज मंजूर झाला. दोन जजसाहेबांनी स्वतःसमोर साक्ष घ्यायची ठरवली. सीनियर साहेब मराठी, दुसरे साहेब बाहेरच्या राज्यातले, त्यांना मराठी जुजबी.

वत्सलाबाई हवालदाराचा हात धरून आल्या. ऐंशीच्या घरात. पाठीत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढल्यावर त्यांनी सगळ्या कोर्टावरून नजर फिरवली आणि मागच्या बाकावर बसलेल्या शांताराम यांच्यावर थांबवली. त्या नजरेतून मला काही वाचता येईना. हे मला आवडलं नाही.

सीनियर साहेबांनीच मराठीत विचारलं, “आजी, त्या दिवशी तुम्ही बाहेर आलात तेव्हा हे काय ओरडले? अर्थ सांगू नका. जे शब्द ऐकलेत तेच सांगा.”

“‘माज्या हातून गेलो रे, गणपत माज्या हातून गेलो,’ असा ओरडला.” त्या मालवणीच बोलल्या, जसं ऐकलं तसं. मालवणीत ‘तो गेलो’ म्हणजे ‘तो गेला’. “आणि रडत होता. ढसाढसा.”

“रडत होते, हे तेव्हा सांगितलंत?”

“विचारलंच नाय कोणी.”

दुसरे जजसाहेब कोर्टाच्या दुभाष्याकडे वळले. “मीनिंग?”

दुभाषा उभा राहिला. “सर, ही डाइड बाय माय हँड.” मग त्याने मान खाजवली. “ऑर... ही स्लिप्ड फ्रॉम माय हँड. सर, दोन्ही होतं.”

“दोन्ही कसं होईल?”

सरकारी वकील लगेच उठले. “माय लॉर्ड, आपण म्हणतो, माझ्या हातून चूक झाली, माझ्या हातून गुन्हा झाला. हातून म्हणजे मी केलं.”

मी म्हटलं, “आपण असंही म्हणतो, पतंग हातून गेला, संधी हातून गेली. घरात कोणी आजारी होऊन वारलं तर म्हणतो, पोर हातून गेलं. ते म्हणणाऱ्या आईवर आपण केस लावत नाही.”

सीनियर साहेब जरा हसले, मग सावरून बसले. सरकारी वकिलांनी उलटतपासणी घेतली. त्यांनी तोच धागा धरला, जो मी त्यांच्या जागी असते तर धरला असता.

“आजी, गणपतच्या मागे ती खोली तुमच्या यजमानांनी घेतली?”

“हो. त्याच्या भावाने विकली, आम्ही घेतली. मुलगे मोठे होत होते.”

“मग आज मनाला टोचणी लागली म्हणून आरोपीला मदत करताय का?”

“तेव्हापण हेच बोललेय मी. एक शब्द इकडचा तिकडे नाय.”

“भांडण झालं होतं का?”

“मोठं झालं होतं. दोघंपण ओरडत होते. शांतारामने त्याला ‘मर एकदाचा’ म्हटलेलं मी ऐकलं.”

हे वाक्य रेकॉर्डवर पहिल्यांदाच येत होतं. सरकारी वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी ते वाक्य वहीत उतरवलं; ते आमच्या विरुद्ध होतं. पण एक झालं, ती शांताराम यांना वाचवायला आली आहे असं आता कोणी म्हणू शकत नव्हतं.

मी एकच प्रश्न विचारला. “ते ओरडले तेव्हा त्याचा अर्थ तुम्हाला काय वाटला?”

“ऑब्जेक्शन,” सरकारी वकील म्हणाले. साक्षीदाराने पाहिलेलं, ऐकलेलं सांगायचं असतं. त्याला काय वाटलं याला कोर्टात किंमत नसते. साहेबांनी प्रश्न नाकारला. वत्सलाबाईंनी तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं आणि त्या खाली उतरल्या.

बाहेर कॉरिडॉरमध्ये त्या बाकावर बसून पाणी पीत होत्या. साक्ष संपली होती, आता बोलायला हरकत नव्हती. पण मी जायच्या आधीच दिलीप त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा तमाशा करणार.

“तुम्ही काय सांगणार होतात?” त्याने विचारलं. “आत. शेवटी.”

त्यांनी त्याला नीट न्याहाळलं. “तू तिचा मुलगा काय रे? तोंडवळा आईचा आसा.”

“काय सांगणार होतात?”

“हेच, की मला त्याची दया आली. गणपत हातातून निसटला म्हणून माणूस रडतोय, हे काय मला कळलं नाय? मी त्याच्याच बाजूने साक्ष दिली. घरी येऊन यजमानांना बोलले, आता सुटेल तो. मग कळलं, जन्मठेप.”

“मग आमच्याकडे कधी आला का नाहीत?”

“आले की. तुझी आई सामान न्यायला आली तेव्हा तांब्याभर पाणी घेऊन गेले. तिने तांब्या फेकला. मला वाटलं, दुःखात आहे. पुन्हा गेले तर दार लावून घेतलं.” त्या थांबल्या. “मी काय केलं होतं तिचं, ते मला आजपर्यंत समजलं नव्हतं.”

शांताराम मागे येऊन उभे होते.  ते वत्सलाबाईंच्या शेजारी बाकावर बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “यजमान?”

“गेले. चार वर्षां झाली.”

“ही पण गेली.”

“ऐकलं मी.”

दिलीप खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत राहिला. त्यानंतर त्याने माझ्याकडे खोलीचा विषय काढला नाही. का काढला नाही, ते मी विचारलं नाही.

निकाल काही आठवड्यांनी लागला. शिक्षा रद्द. मूळ शब्दांचे दोन अर्थ होतात आणि त्यातला आरोपीच्या विरुद्धचा तेवढा उचलता येणार नाही, असं साहेबांनी लिहिलं. ‘मर एकदाचा’ हे वाक्यही लिहिलं. भांडणात माणसं असं बोलतात, तेवढ्यावरून ढकलल्याचं सिद्ध होत नाही, असंही लिहिलं. संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता.

मी निकाल मराठीत करून शांताराम यांना ऑफिसात वाचून दाखवला. ते शेवटच्या ओळीवर अडले.

“संशयाचा फायदा म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही केलंत असं खात्रीने सांगता येत नाही. म्हणून सोडलं.”

“मी केलं नाय, असा लिवलेला नाय?”

“नाही, काका. तसं लिहायला कोणीतरी पाहिलेलं असावं लागतं.”

“म्हणजे संशय आसाच.”

“कागदावर आहे.”

“आणि तुमका?”

हा प्रश्न अशिलाने विचारू नये आणि वकिलाने त्याचं उत्तर देऊ नये. मी म्हटलं, “मी तुमची वकील आहे.” त्यांनी मान हलवली, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि ड्यूटीवर गेले.

खरं सांगायचं तर मला माहीत नाही. वत्सलाबाई बाहेर आल्या तेव्हा शांताराम यांचे हात खाली होते. ढकलणाऱ्याचे हात तसे असतात आणि पकडू पाहणाऱ्याचेही. ज्याला ‘मर’ म्हणाले त्यालाच धरायला ते धावले, हे होऊ शकतं. होऊ शकतं म्हणजे झालं असं नाही. काही दिवस मी एका बाजूला असते, काही दिवस दुसऱ्या. खात्री दोनच गोष्टींची आहे. तो माणूस ज्या वाक्यासाठी जेलमध्ये गेला, ते वाक्य त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आणि ज्या बाईने ते सांगितलं, तिला त्या वाक्याचं इंग्रजीत काय झालं ते ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून नवीन अपील आलं की मी पेपरबुक उघडण्याआधी अशिलाला विचारते, तुम्हाला शिक्षा कशावरून झाली ते माहीत आहे का. बहुतेकजण म्हणतात, हो, साक्षीदार खोटं बोलले. मग मी विचारते, काय बोलले? तिथे बहुतेकजण गप्प होतात.